बोलक्या माणसाचे हात

एसेनकुलचा आवाज गेला तो ऐन लग्नसराईत, ऑक्टोबरातल्या एका शनिवारी, चारशे पाहुण्यांसमोर.

बावीस वर्षं तो काराकोल शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या लग्नांचा तामादा होता. तामादा म्हणजे लग्नाच्या जेवणावळीचा धनी. कुणी कधी उठून चार शब्द बोलायचे, पेले कधी उचलायचे, पाहुण्यांनी कधी हसायचं आणि कधी डोळे पुसायचे, हे सगळं त्याच्या हातात. हातात म्हणजे तोंडात. कारण हातांनी त्यानं आयुष्यात माईक धरण्यापलीकडे काही केलं नव्हतं. घरातला खिळासुद्धा त्याची बायको जिबेक ठोकायची आणि हा बाजूला उभा राहून खिळ्याचं कौतुक करायचा.

त्या शनिवारी नवऱ्यामुलाच्या मामाला बोलायला बोलावताना त्याच्या घशातून मामाच्या नावाऐवजी एक बारीक शिट्टी निघाली. पाहुण्यांना वाटलं नवा विनोद आहे, ते हसले. त्यानं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा शिट्टी. लोक टेबलं बडवायला लागले. आपल्या सगळ्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा हशा आपल्याला त्या दिवशी मिळाला, असं एसेनकुल आता सांगतो, आणि त्यासाठी एक शब्दही बोलावा लागला नाही.

राजधानी बिश्केकच्या डॉक्टरनं घशातल्या गाठी काढल्या. हाताखालच्या कागदावरून मान वर न करता तो म्हणाला, "घरात मीठ मागण्यापुरता आवाज येईल. माईकवर ओरडण्यापुरता नाही."

तसंच झालं. हिवाळाभर एसेनकुल खिडकीशी बसून राहिला. वसंतात त्याचा आवाज आला, पण कसा, तर गंजलेल्या फाटकासारखा. सवयीनं फोन करणाऱ्या लोकांना तो "हॅलो" म्हणायचा आणि ते "चुकीचा नंबर लागला" म्हणून ठेवून द्यायचे. पुढं फोनही थांबले. पलीकडच्या गल्लीतला एक तरुण आता तामादा झाला होता, आणि एसेनकुलचेच विनोद सांगत होता. तेही चुकीच्या जागी थांबून. एसेनकुलला विनोद चोरल्याचा राग नव्हता, थांबण्याचा होता.

जिबेक सरोवराकाठच्या एका सॅनिटोरियममध्ये, म्हणजे हवापालटाच्या आरोग्यधामात, स्वयंपाकीण होती. ऑगस्टमध्ये एकदा कामावरून आल्या आल्या डोक्याचा रुमाल सोडत ती म्हणाली, "ऐकलं का, आमचा मालिशवाला रशियाला निघाला. पुरुषांसाठी पुरुषच हवाय त्यांना. फक्त परवाना लागतो. इथल्या वैद्यकीय शाळेत नऊ महिन्यांचं शिक्षण आहे."

"मी? मालिशवाला?" एसेनकुल खरखरला.

"का? बावीस वर्षं लोकांच्या पाठीवर थापा मारल्यातच की."

"त्या वेगळ्या थापा."

"थापा त्या थापा," जिबेक म्हणाली. "सोमवारी नाव घालून या. नाहीतर त्या खिडकीला तरी काहीतरी काम लावा, दोघं नुसते एकमेकांकडे बघत बसता."

एसेनकुल गेला तो मनातून निर्धास्त होता. शिकायचं काय त्यात? पाठ असते, हात असतात, रगडायचं. चार दिवसांत बायकापोरींना मागं टाकू.

वर्गात आठ मुली होत्या, सगळ्या विशीच्या आतबाहेर. तो दारात दिसताच आठही जणी उठून उभ्या राहिल्या. अठ्ठेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, टाय लावलेला माणूस; त्यांना वाटलं सर आले. चुकीची समजूत दूर करायची तर ती लगेच करावी लागते, आणि एसेनकुलला त्या मानाचा मोह आवरला नाही. त्यानं हातानं "बसा, बसा" केलं आणि स्वतः टेबलामागच्या खुर्चीत बसला.

बाहेर काठी टकटकली. दारातून एक लहानखुरी म्हातारी आत आली. डोळे मिटलेले, केस पांढऱ्या रुमालात बांधलेले, आणि एवढ्याशा अंगाला फावड्यासारखे मोठे हात. ती दारातच थांबली.

"माझ्या खुर्चीत कोण आहे?"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

"खुर्ची करकरली," ती म्हणाली. "माझ्या वजनाला ती करकरत नाही. उठ बाबा, जो कोण असशील तो. विद्यार्थ्यांची बाकं डावीकडे आहेत."

ती झूराकान एजेके; एजेके म्हणजे थोरली ताई. पाच वर्षांची असताना गोवरानं तिचे डोळे गेले. सोव्हिएत काळात दूर कॉकेशसमध्ये अंधांना मालिश शिकवणारी शाळा होती, तिथं ती शिकली, आणि पस्तीस वर्षं ती या शाळेत शिकवत होती. तोवर दहावा विद्यार्थीही आला. दोलोत नाव, तिशीचा, एके काळी प्रांतात नाव असलेला पैलवान, दारातून आडवा होऊन आत येणारा. दोघेच पुरुष, तेव्हा जोडी आपोआप लागली.

पहिला धडा साधा होता. एकेकानं पुढं यायचं, एजेकेंच्या दंडावर हात ठेवायचा, मिनिटभर गप्प उभं राहायचं आणि मग काय जाणवलं ते सांगायचं. एसेनकुलची पाळी आली. त्यानं हात ठेवला.

"एजेके, तुमचा दंड किती गार आहे, इथं शेगडी—"

"सात सेकंद," झूराकान म्हणाली. "हात ठेवल्यापासून सात सेकंदांत तोंड उघडलंस. या वर्गाचा विक्रम आहे. नाव काय?"

"एसेनकुल. एसेनकुल तामादा. ऐकलं असेल तुम्ही."

तिनं दंडावरचा त्याचा हात बाजूला केला. "ऐकलंय," ती म्हणाली. "पुढचा या."

त्यानंतरचे दोन महिने एसेनकुल आठवतो ते कपाळाला हात लावून. मालिशमध्ये चार मुख्य गोष्टी. कुरवाळणं, घासणं, मळणं आणि थरथरवणं. पहिलीतच त्याची गाडी अडली. दोलोतची पाठ म्हणजे कोठाराचं दार. एसेनकुल घाम गाळत होता, शर्ट भिजला होता, बोटांचे सांधे दुखायला लागले होते, आणि खालून दोलोत अगदी आदबीनं, थोरल्या भावाला 'बाइके' म्हणतात तसं म्हणत विचारायचा, "बाइके, सुरू केलंत का?"

जोर लावला की झूराकान शेजारी येऊन उभी राहायची. "तू भिंत ढकलतोयस का? हे माणूस आहे. हृदयाकडे सरकव हात. मणक्यावर नको. मणक्यावर नको म्हटलं ना."

"एजेके, तुम्हाला दिसत नाही, तरी कसं कळतं—"

"तुला दिसतंय, तरी कसं कळत नाही?"

बोलल्याशिवाय त्याला काही करताच येत नव्हतं, हे खरं दुखणं होतं. हात दोलोतच्या खांद्यावर आणि तोंडाचा पट्टा चालू. एका लग्नात वरमाय कशी घसरली, एका व्याह्यानं चुकून दुसऱ्याच लग्नाला आहेर कसा दिला. आवाज खरखरीत, तरी मुली हसायच्या. मुली हसल्या की त्याचे हात थांबायचे, कारण विनोद सांगून झाल्यावर श्रोत्यांकडे बघायची त्याची सवय. दोलोत तेलकट पाठ उघडी टाकून थंडीत कुडकुडत पडून राहायचा.

नोव्हेंबरात एजेकेंनी इलाज काढला. एक कप पाणी त्याच्यापुढं ठेवलं.

"घोटभर तोंडात धर. तास संपला की बेसिनमध्ये टाक. गिळायचं नाही. गिळलंस तर घशाचा आवाज येतो, मला कळेल."

पहिल्या दिवशी त्यानं नऊ मिनिटांत गिळलं. दुसऱ्या दिवशी चौदा. तिसऱ्या दिवशी तो खरोखर मनावर घेऊन आला होता. गाल फुगवलेले, कपाळाला आठ्या, हात संथ. मुलीसुद्धा कौतुकानं बघत होत्या. पंचवीस मिनिटं झाली. तेवढ्यात खालून तोच आदबशीर आवाज आला.

"बाइके, सुरू केलंत का?"

सगळं पाणी दोलोतच्या पाठीवर गेलं. थोडं एजेकेंच्या बाहीवर. मुली बाकांवर आडव्या झाल्या. झूराकाननं शांतपणे बाही झटकली.

"पाऊस आला वाटतं," ती म्हणाली. "एसेनकुल, पाठीला पाणी आपण शेवटी लावतो. आणि तेही टॉवेल भिजवून."

त्या दिवशी तो घरी गेला तो शाळा सोडायची ठरवूनच. जिबेक चुलीशी उभी होती, दिवसभर सॅनिटोरियमच्या कढया उपसून आलेली. तो म्हणाला, "मला जमणार नाही हे." ती म्हणाली, "आधी माझ्या पाठीचं बघा, मग काय सोडायचं ते सोडा." दिवाणावर पालथी पडली. त्यानं पाच मिनिटं सगळी विद्या पणाला लावली.

"स्वयंपाकघरात मी अशी कणीक मळली ना," जिबेक उशीत तोंड घालून म्हणाली, "तर मला दुपारपर्यंत कामावरून काढतील."

"एवढं वाईट?"

"पीठ पाणी धरतंय की नाही ते बघत नाही तुम्ही. नुसतं हाणताय. पीठ सांगतं की कधी पुरे ते."

हा टोमणा होता की शिकवण, ते त्याला कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला आणि घोटभर पाणी तोंडात धरून उभा राहिला. पीठ काय सांगतंय ते बघू, असं म्हणून.

पाठांतराची मात्र त्यानं वेगळीच युक्ती काढली. शेकडो स्नायू, सगळ्यांची लॅटिन नावं, आणि मुली ती पोपटासारखी म्हणायच्या. एसेनकुलच्या डोक्यात नुसती नावं राहत नसत, पण चारशे पाहुणे कुठं बसलेत ते राहायचं. तेव्हा त्यानं सगळ्या अंगालाच लग्नाला बसवलं. मान दाराच्या समोर, मानाच्या जागी. खांद्याची पाती म्हणजे दोन्हीकडचे व्याही, मधून मणका गेल्यामुळे एकमेकांशी न बोलणारे. कमरेचे स्नायू म्हणजे गावाकडची कष्टाळू मंडळी, सगळा भार वाहतात आणि त्यांना कुणी बोलायला उठवत नाही. लेखी परीक्षेत तो वर्गात दुसरा आला. त्यानं ही युक्ती मुलींना सांगितली, तर त्यांतली एक म्हणाली, "बाइके, आणि ढुंगण कोण?" तो म्हणाला, "तामादा. सगळे त्याच्यावर टेकून बसतात आणि फोटोत कुणी घेत नाही."

जानेवारीत एक गोष्ट घडली. खिडक्यांवर बर्फाची जाळी धरली होती, शेगडी धुमसत होती. तोंडात पाणी, डोळे मिटलेले, एसेनकुल दोलोतच्या उजव्या कुशीकडून हात वर आणत होता. बरगड्यांपाशी एके ठिकाणी पैलवानानं अंग चोरलं. अगदी किंचित. एसेनकुलनं हात परत नेला. पुन्हा तेच. पाण्यामुळे बोलता येईना, तेव्हा तो गेला, एजेकेंचा हात धरून आणला आणि त्या जागेवर ठेवला.

ती थोडा वेळ चाचपत राहिली. "दोलोत, ही बरगडी कधी मोडली होती?"

दोलोतनं मान वर केली. "ओशच्या स्पर्धेत. सहा वर्षं झाली. कुणालाच सांगितलं नव्हतं, एजेके. प्रशिक्षकानं उतरवलं असतं."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच एसेनकुलकडे स्वतः शोधलेली बातमी होती, आणि ती सांगायला तोंड रिकामं नव्हतं. तास संपायला वीस मिनिटं होती. तो तसाच उभा राहिला, गाल फुगवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. बेसिनपाशी जाऊन पाणी टाकलं आणि मागं वळला तोवर मुली निघून गेल्या होत्या. दोलोत बूट घालत होता. "बाइके," तो म्हणाला, "आज तुम्ही सुरू केलं होतंत."

मे महिन्याच्या शेवटी परीक्षा आली. परवान्यासाठी समितीसमोर जायचं, पण झूराकानच्या वर्गाचा एक स्वतःचा नियम होता. आधी प्रत्येकानं तिच्या पाठीची मालिश करायची. तिनं हो म्हटलं तरच नाव समितीकडे जायचं. खोलीत दोघंच, दार लोटलेलं, बाकीचे व्हरांड्यात.

एसेनकुल आत गेला तेव्हा ती मेजावर पालथी पडली होती, पातळ सुती सदऱ्यात, तोंड मेजाला चेहऱ्यासाठी पाडलेल्या भोकात. त्यानं कोमट पाण्यानं हात धुतले, हातावर पावडर घेतली, उजवा हात तिच्या पाठीवर ठेवला आणि श्वासाची लय लागेपर्यंत थांबला. तोंडात पाणी नव्हतं. गरज उरली नव्हती. सुरुवात चांगली झाली, इतकी की त्याला आतल्या आत फुशारकी वाटायला लागली.

दहा मिनिटांनी ती भोकातून बोलली.

"अकरा वर्षांपूर्वी माझ्या भाच्याचं लग्न झालं. अक-सूला. तामादा तू होतास."

मालिश करताना रुग्ण बोलेल, आपण बोलायचं नाही, हा नियम. एसेनकुलचे हात चालत राहिले.

"नवरीच्या तोंडावरचा पडदा उचलायला घरातल्या थोरल्या बायकांना तू पुढं बोलावलंस. मीही गेले, बहिणीचा हात धरून. तेव्हा तू माईकवर म्हणालास, 'झूराकान एजे नवरी बघायला आल्यात, कुणीतरी दिवा लावा रे.'"

एसेनकुलच्या अंगठ्याखाली, डाव्या पात्याच्या आतल्या कडेला, काहीतरी गोळा झालं. वाळवलेल्या दह्याच्या, कुरुताच्या गोळीसारखं कडक.

"चारशे माणसांचा सगळा मांडव हसला," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, कुणाला बाजारभाव सांगावा तसा आवाज. "मीही हसले. हसावंच लागतं. नाही हसलं तर लोक म्हणतात, आंधळीला राग आला. नवरीचं तोंड मी हातांनी बघणार होते. भाच्यानं तिला तसं सांगूनही ठेवलं होतं. मग मी परत जाऊन बसले."

तो आठवू लागला. अक-सूचं लग्न. कुठलं? अक-सूला त्यानं तीसेक लग्नं केली असतील. तो चेहरा शोधत होता आणि सापडत नव्हता. विनोद मात्र लगेच सापडला. तो त्याचा ठेवणीतला साचा होता. लंगड्याला नाचायला, बहिऱ्याला गाणं ऐकायला, आंधळ्याला नवरी बघायला. कुठंही चालायचा, हमखास हशा. तो हशा त्यानं नेहमी समोरून पाहिला होता, उघड्या तोंडांचा आणि हलणाऱ्या पोटांचा. हसणाऱ्या माणसाची पाठ तेव्हा काय करत असते, हे पाहायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. आता ती त्याच्या अंगठ्याखाली होती.

त्यानं दोन्ही हात उचलले.

"एजेके, मला माफ करा," तो म्हणाला. आवाज फाटला. "मला... मला ते आठवतसुद्धा नाही."

बाहेर व्हरांड्यात कुणी मुलगी चहाचे पेले गोळा करत होती, त्यांचा आवाज येत राहिला.

"आठवत नाही हे खरं सांगितलंस," ती अखेर म्हणाली. "तुझ्यासारख्याला खोटं आठवायला कितीसा वेळ लागला असता. माफ केलं. आता जा. नापास."

"काय?"

"न सांगता सवरता दोन्ही हात एकदम उचललेस. रुग्ण डोळे मिटून पडलेला असतो. त्याला वाटतं, आपल्याला इथंच टाकून हा निघून गेला. एक हात कायम ठेवायचा, हे पहिल्या आठवड्यात शिकवलंय. तीन आठवड्यांनी ये."

व्हरांड्यात मुलींनी घेरलं. "बाइके, काय झालं?" तो म्हणाला, "नापास," आणि पुढं काही जोडलं नाही. मुली वाट बघत उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, आता विनोद येईल. तो जिना उतरून गेला.

घरी त्यानं जिबेकला सगळं सांगितलं. माफी मागून नापास झालेला जगातला मी पहिलाच, असंही म्हणून पाहिलं, पण ती हसली नाही. बटाटे सोलायचं थांबवून तिनं सुरी खाली ठेवली.

"मी होते त्या लग्नात," ती म्हणाली. "गाडीत जागा होती म्हणून तुम्हीच नेलं होतंत. मला आठवतंय ते. मागच्या टेबलावर होते मी. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले होते."

मग तिनं बटाटे पुन्हा हातात घेतले.

पुढचे तीन आठवडे एसेनकुलनं दिसेल त्याला झोपवून त्याच्या पाठीवर हात चालवले. सासऱ्यावर, शेजारच्या टॅक्सीवाल्यावर, दोलोतवर, आणि दोलोतच्या दोन पैलवान मित्रांवर, जे एका बैठकीत त्याला जन्मभर पुरेल एवढं थकवून गेले. प्रत्येक वेळी एक हात ठेवलेला. तो इतका अंगवळणी पडला की जेवतानाही त्याचा डावा हात टेबलावर टेकलेला असायचा, आणि जिबेक म्हणायची, "टेबल कुठं जात नाही, उचला आता."

ठरल्या दिवशी निघताना तिनं त्याच्या पिशवीत जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी ठेवली.

"लाच?" झूराकाननं बरणी हातात घेऊन विचारलं.

"जिबेकनं दिलाय. माझी बायको. ती म्हणते, त्या दिवशी तीही हसली होती. मागच्या टेबलावर. सगळ्यांत मोठ्यानं, म्हणते."

झूराकाननं झाकण उघडून वास घेतला, बरणी खिडकीत ठेवली आणि मेजावर चढून पालथी पडली. एसेनकुलनं हात धुतले, हात ठेवला, थांबला. कुरवाळणं झालं, घासणं झालं. मळायला घेतलं तेव्हा त्याला जाणवलं की तिची पाठ हलतेय. आधी कमरेकडून, मग वर. त्याला वाटलं रडतेय. त्याचे हात निघायला आले होते. निघाले नाहीत.

"चारशेतले दोघे कबूल झाले," ती भोकातून म्हणाली, आणि तेव्हा त्याला कळलं की ती हसतेय. "तीनशे अठ्ठ्याण्णव राहिले. मुरंब्याच्या बरण्या मी ठेवू कुठं?"

तो बोलला नाही. हसायलाही त्याला नीट जमलं नाही, कारण मळताना हसलं की लय जाते. पण तिचं हसणं दोन्ही तळव्यांखालून जात होतं, पात्यांपासून कमरेपर्यंत, आणि डावीकडची ती जागा बाकीच्या पाठीबरोबरच हलत होती. त्यानं तीस मिनिटं पुरी केली. शेवटी चादर ओढली, उजवा हात तिच्या पाठीवर ठेवून सांगितलं, "एजेके, झालं. मी हात काढतोय."

"तीन," ती म्हणाली. आमच्याकडे पाचांपैकी तीन म्हणजे ढकलून पास. "मान अजून घाईत करतोस. जा समितीकडे."

समितीनं आठवड्याभरात परवाना दिला. शिक्का थोडा वाकडा होता आणि फोटोत त्याचा टाय. घरी जिबेकनं विचारलं, "एजेकेंनी किती दिले?" तो म्हणाला, "चार." जिबेक म्हणाली, "त्यांचा फोन आला होता. मुरंबा आवडला म्हणायला. तीन दिलेत."

जुलैत तो सॅनिटोरियममध्ये रुजू झाला. तळमजल्यावरची छोटी खोली, एक मेज, एक बेसिन, आणि दारावर पाटी: परवानाधारक मालिशतज्ज्ञ. पाटीपुढून जाताना पहिले काही दिवस तो मुद्दाम हळू चालायचा.

त्याचा पहिला रुग्ण अल्माटीहून आलेला एक जाडजूड, तापट ठेकेदार होता. आत येतानाच म्हणाला, "मला जोरात हवंय. मागच्या वेळचा नुसता गुदगुल्या करायचा." एसेनकुलनं मान हलवली आणि हात ठेवला. ठेकेदार पाच मिनिटं सिमेंटबद्दल बोलला, पाच मिनिटं जावयाबद्दल. मग वाक्य अर्धं राहिलं. मग घोरण्याचा आवाज आला.

एसेनकुल घाबरला. बावीस वर्षांत त्याच्या मांडवात एकही माणूस झोपला नव्हता. एकदा एक म्हातारा नुसता पेंगला होता, तर एसेनकुल त्याच्या कानाशी माईक घेऊन गेला होता. आणि इथं पहिलाच माणूस घोरत होता. काय चुकलं असेल, याचा विचार करत त्यानं कमरेपर्यंतचं काम पुरं केलं. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं की हातांखाली कुठंही काही कडक नाही. ठेकेदाराचा खांदा, जो आत येताना कानाला टेकला होता, तो आता खाली ओघळला होता. मग एसेनकुल घाबरायचा थांबला. वेळ संपली तरी त्यानं उठवलं नाही. एक हात पाठीवर ठेवून तो तसाच उभा राहिला, आणि बाहेर पुढचा रुग्ण घड्याळ बघून खाकरत होता.

वीस मिनिटांनी ठेकेदार दचकून जागा झाला.

"झालं? कधी झालं? मला तर काहीच कळलं नाही," तो म्हणाला. "हे काही खरं नाही. पुन्हा करा."

एसेनकुलनं त्याच्याकडे पाहिलं, मग दाराकडे. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, आणि त्यांतलं बरंचसं चांगलं जमलेलं होतं. "उद्या या," तो म्हणाला, आणि हात धुवायला वळला.

दुपारी तो जेवायला पोचला तेव्हा अशलान-फूच्या शेवया रश्शात फुगून लगदा झाल्या होत्या. जिबेकनं वाडगा त्याच्यापुढं आदळला आणि पहिल्याच दिवशी उशीर केल्याबद्दल स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायकांसमोर त्याला फैलावर घेतलं. त्यानं निमूटपणे ऐकून घेतलं. बायकांना ते इतकं नवं होतं की त्यांतली एक म्हणाली, "जिबेक एजे, ह्यांना बरं नाही का?"